परत मागवलेल्या बंदुका

"वहिनी, हरणांचा हंगाम तोंडावर आलाय. आत्ता बंदुका परत मागवल्या तर आपण बुडालोच म्हणून समज." लायमन ऑस्ट्रँडर खुर्चीतून उठूनच बोलत होता.

नवऱ्यामागे व्हर्माँटमधला हा बंदुकांचा कारखाना इडाच चालवत होती. पैशाची बाजू हा दीर सांभाळायचा.

"तक्रार आलीय," इडा म्हणाली. "बंदूक हातातून निसटून पडली आणि आपोआप बार उडाला. फोन मीच घेतला होता."

"एक तक्रार!"

"माणूस मरायला गोळीही एकच लागते."

बंदुका तपासण्याचं काम हार्लन पेककडे होतं. त्यानं त्या मॉडेलच्या बंदुका फरशीवर आपटल्या, लाकडी हातोडीनं ठोकल्या. बार उडाला नाही.

"बाई, चाप ठणठणीत आहे."

"आणि कडाक्याच्या थंडीत?"

त्यानं बर्फात पुरून पाहिल्या. तरीही काही झालं नाही.

"म्हणजे कधीच उडणार नाही, याची हमी देशील?"

अशी हमी कोण देणार?

रेडिओवर, वर्तमानपत्रात निवेदन गेलं. 'ही बंदूक न हाताळताही सुटू शकते. तिच्यामुळे शेजाऱ्याचा, एखाद्या लहान मुलाचा जीव जाऊ शकतो.' हे शेवटचं वाक्य वकिलानं खोडलं होतं. इडानं ते पुन्हा घातलं.

लायमनचं म्हणणं खरं ठरलं. दुकानदारांनी चांगली मॉडेलंसुद्धा परत धाडली. बँकेनं हात वर केले. 'आमची बंदूक पडली तर फक्त पडते,' अशी जाहिरात प्रतिस्पर्ध्यानं झळकवली. अर्धे कामगार घरी बसले. "ऑस्ट्रँडरची बंदूक आणि माझी सासू, कधी सुटेल नेम नाही," असं म्हणत लोक कॉफी पिता पिता खिदळायचे. एका संपादकानं इडाच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, पण कौतुकावर पगार भागत नाहीत. लायमननं तिच्याशी बोलणंच टाकलं.

इडा मात्र रोज बंदुका घ्यायला स्वतः काउंटरवर उभी राहायची. दार वाजलं की मान वर करायची, आलेल्या माणसाकडे पाहायची आणि मग बंदूक हातात घ्यायची. बाई प्रायश्चित्त घेतेय, असं गाव म्हणायचं.

बर्फ भुरभुरत होतं त्या सकाळी एक हडकुळा, दाढी वाढलेला तरुण आत आला. तो इडाचा एकुलता एक मुलगा, रोलंड. लढाईवरून परतल्यापासून तो वर डोंगरात एकटाच राहायचा. फोन उचलायचा नाही, कुणाला दारात उभं करायचा नाही.

त्यानं खांद्यावरची बंदूक काढून काउंटरवर ठेवली.

"घे, आई."

"आलास."

"माझ्या एकट्याचा प्रश्न असता तर दिली नसती. ती उशाशी कशाला ठेवतो, ते ठाऊक आहे तुला. डॉक्टरनं मागितली, तू रडून मागितलीस. दिली का मी?" त्यानं हात कोटाच्या खिशात खुपसले. "पण शेजारच्या वायलीची पोरं माझ्या खोपटाभोवती खेळतात गं. उगाच सुटली आणि त्यांना लागली तर?"

"बरं केलंस." इडाचा आवाज नेहमीसारखाच होता. "खाल्लंस काही?"

"नाही."

"मागच्या खोलीत गरम सूप आहे. हो पुढे, मी आलेच."

तो आत गेला. हार्लननं बंदूक उचलली. "हिचा चाप आधी बदलतो, बाई. हंगाम संपायच्या आत त्याला परत मिळेल."

"नको. नळी कापून टाक. आणि उद्यापासून बंदुका घेणं बंद कर."

"बंद? अहो, निम्म्या अजून लोकांच्या घरात आहेत! त्यांच्यातल्या दोषाचं काय?"

"कसला दोष?" इडा म्हणाली, आणि मुलाला वाढायला आत गेली.