सासूच्या बोटाचं कुंकू

"हलू नकोस. वाकडं होतं मग," सासू म्हणाली आणि तिने अनामिकेने सुनेच्या कपाळावर कुंकू दाबलं.

कुंकू चांगलं ठसठशीत होतं. टाके घातल्याची खूण त्याखाली झाकली जायची. नवऱ्याने तिचं डोकं चौकटीवर आपटलं होतं, त्याची ती खूण. टाके निघेपर्यंत सून भावाकडे राहिली आणि परत आली तेव्हा नवरा घरात नव्हता. पिऊन पसार व्हायची त्याची जुनीच खोड. त्यामुळे कुणी फारशी शोधाशोधही केली नाही. बघता बघता वर्षं गेली.

"आई, आता नको ना," सून हळूच म्हणाली. "कुणासाठी लावायचं?"

"उद्या तो दारात उभा राहिला आणि तुझं कपाळ मोकळं दिसलं तर?"

मग सून कपाळ पुढे करायची. शेजारणी म्हणायच्या, आईचं काळीज आहे, शेवटपर्यंत वाट बघणार. म्हातारीची एवढी एकच आशा, ती आपण कशी मोडायची, असं सुनेला वाटायचं. आणि मग स्वतःचाच राग यायचा.

सासू बादली घेऊन मागच्या दारी गेली. तिथे पूर्वी जमिनीखाली पाण्याची टाकी होती. ती गळायला लागली, दुरुस्तीसाठी कोरडी करून ठेवली होती. पण सासूने ऐनवेळी गवंड्याला सांगितलं, दुरुस्ती राहू दे, झाकणावरून फरशी घालून टाक. सून परतली तेव्हा धुणं धुवायला ऐसपैस जागा तयार होती. धुणं भिजवण्याआधी सासू पहिला तांब्या फरशीच्या मधोमध ओतायची. "धूळ मेली किती बसते," म्हणायची.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, काड्या कानामागे वाकवायच्या, आरसा समोर धरायचा. मागच्या खोलीत एकजण भिंगं घासायचा. सगळे त्याला भिंगवाले म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, मितभाषी माणूस. चिडवायला गेलं तर कान लाल व्हायचे त्याचे.

आज त्याने तिला चहाचा कप दिला आणि तिथेच उभा राहिला.

"मला दुसऱ्या गावात काम मिळालंय," तो म्हणाला. "दोन खोल्या आहेत. तुमच्या सासूबाईंनाही आणू. त्या एकट्या कशा राहतील?"

सासूचासुद्धा विचार केला होता त्याने.

"माझ्या कपाळावर हे आहे ना," ती म्हणाली.

"मला दिसतं ते. म्हणून तर इतके दिवस गप्प होतो. तुम्ही घरी विचारा. नाही म्हणालात तर पुन्हा विषय काढणार नाही."

आज विचारायचंच, असं तिने ठरवलं. त्यानंतर तिचा हात हलका चालत होता. आरसा पुसताना तिने अंगठ्याने कुंकू झाकून स्वतःकडे बघितलं आणि लाजून आरसा खाली ठेवला.

तेवढ्यात फ्रेमा पुरवणारा माणूस आला. तो गावोगाव फिरायचा, तिच्या नवऱ्याला ओळखायचा.

"वहिनी, पेढे द्या," तो म्हणाला. "तुमचे यजमान दिसले परवा. एका गॅरेजबाहेर उभे होते. हाक मारेपर्यंत गर्दीत गेले. पण चाल तीच, खांदा पाडून चालायची. तुमचं कुंकू खरं ठरलं बघा!"

दुकानातले सगळे आनंदाने बोलत होते. मागच्या खोलीतलं यंत्र थांबलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. भिंगवाले बाहेर आले नाहीत.

अर्धी रजा टाकून ती घरी आली. वाटेत तिने चेहरा पुन्हा पुन्हा पुसला. तो जिवंत आहे, आता परत येईल, ही बातमी सांगितली की म्हातारी आनंदाने वेडी होईल. आणि आपण? पुन्हा ती चौकट, पुन्हा तो हात. तिला रडू आवरेना.

सासू चादरी घेऊन फरशीवर बसायच्या बेतात होती.

"आई, हे दिसले म्हणे. जिवंत आहेत."

सासूने तांब्या बादलीत बुडवला.

"नाही दिसला."

"अहो, त्यांच्या ओळखीच्या माणसाने पाहिलंय."

"त्याला म्हणावं, चष्म्याच्या धंद्यात आहेस, आधी स्वतःला एक लाव. तो येणार नाही. तू जेव, शांत झोप. तो कधीच येणार नाही."

हे सांगताना सासूचा आवाज जरासुद्धा हलला नाही. सुनेचा जीव भांड्यात पडला आणि भिंगवाल्यांच्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

"मग हे पुसू मी? माझं एक ठरवायचं होतं, आई. मला—"

"पुसायचं नाही."

सासू उठली. आत जाऊन करंडा घेऊन आली. सुनेचं कुंकू रडून फिसकटलं होतं. पदराने तिने ते टिपलं, खुणेवर बोट ठेवलं आणि पहिल्यापेक्षा मोठं कुंकू रेखलं.

"कपाळ मोकळं दिसलं की लोक विचारतात, कसा गेला, कुठे गेला. कुंकू असलं की एवढंच विचारतात, कधी येणार. मी मेले तरी लावत जा. तुझ्यासाठी केलं मी, आता तूच सांभाळ."

सासू फरशीवर येऊन बसली, भरलेला तांब्या उचलला आणि सावकाश मधोमध ओतला.

"झाकण लावलं," ती म्हणाली, "तेव्हा पाणी मागत होता गं."