हिमालयातला शंख

लेकीची हळद चालली होती आणि मी मांडवाबाहेर बसले होते. विधवेनं हळद लावायची नाही, असं नणंदेनं सकाळीच बजावलं होतं. पाटावरच्या लेकीनं मांडीत एक दगड घेतला होता. तिच्या फौजी बापानं तो हिमालयातून आणलेला. त्यात समुद्रातला शंख रुतलेला. "आपली जमीन करोडो वर्षं उत्तरेला सरकत जाऊन पलीकडच्या जमिनीला धडकली, मधल्या समुद्राचा तळ वर आला, त्याचाच हिमालय झाला. अजूनबी रेटतीय ती," सुट्टीवर फुलंब्रीला आला की तो लेकीला सांगायचा. मी उठले. नणंद आडवी आली. "वहिनी, रीत हाय ही. अशी हलत नसती." "वन्सं, समुद्राचा तळ हिमालयाच्या माथ्यावर गेला. मला माझ्या लेकीपत्तुर जाता येत नाय व्हय?" तिच्या हातातली हळदीची वाटी मी काढून घेतली. पहिली हळद लेकीला लावली, दुसरी शंखाला.