पातीरांची मोठी ऑर्डर

हुर्मत कंबरेतून तंदुरात वाकली होती, धाकट्या लेकाने मोजे सापडत नाहीत म्हणून भोकाड पसरलं होतं, नवरा तुर्गुन चहा झाला का म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि नेमकी तेव्हाच फाटकाची कडी वाजली.

‘सोयरीक घेऊन आल्या असतील तर सांगा, मुलगी अजून शिकतेय,’ हुर्मत वाकल्या वाकल्याच म्हणाली.

हे तिचं ठरलेलं उत्तर. झेबो काही शिकत-बिकत नव्हती. नर्सिंगचा कोर्स संपवून पोरगी वर्षभर घरीच होती. सोयरिकी घेऊन बायका यायच्या आणि हुर्मत त्यांना फाटकातूनच वाटेला लावायची. का, ते अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं. झेबो सासरी गेली तर कणीक कोण मळणार, नानांवर नक्षीचे ठसे कोण मारणार, गिरणीवरून पिठाची पोती कोण आणणार? हुर्मतला स्वतःला तर गिरणीचं तोंड बघून जमाना झाला होता. घर, पोरं आणि तंदूर यांतून ती मान वर काढील तेव्हा ना.

आईने असा विचार करावा का? तिला मनातून लाज वाटायची. दुसरा तंदूर घालू, हाताखाली एक बाई ठेवू, मग झेबोचं बघू, असं ती स्वतःला समजवायची. पण दुसऱ्या तंदुराला मोठं काम मिळायला हवं, आणि कोकंद शहरातली मोठी कामं सगळी बाजारातल्या बेकरीकडे जात.

पण आज दारात एकटीच बाई होती. सोयरीकवाल्या एकट्यादुकट्या येत नाहीत, तेव्हा हुर्मतचा जीव भांड्यात पडला. बाईचं नाव सालोमत. मुलाचं लग्न ठरवायचंय, म्हणाली, पातीर हवेत, चांगले भरपूर.

हुर्मतने हातातला नान तसाच सोडला. कोकंदला लग्न ठरतं ते पातीर मोडून. मुलाकडची माणसं पातीरांची, म्हणजे थरांच्या, लोणी घातलेल्या नानांची चवड घेऊन मुलीच्या घरी जातात. दोन्हीकडचं एकेक वडीलधारं माणूस एकच पातीर दोन बाजूंनी धरतं आणि मोडतं. झालं, ठरलं लग्न. मग कुणाची टाप नाही शब्द फिरवायची. अशा बैठकीत आपले पातीर खाल्ले गेले, की दुसरा तंदूर आलाच म्हणून समजा.

पण सालोमत भलतीच चोखंदळ निघाली. पहिल्या दिवशी नुसती चव घेऊन गेली. पुन्हा आली ती कणकेच्या परातीवरचं फडकं उचलून बघायला. अंगण कोण झाडतं, पहाटे कोण उठतं, मळायला कोण असतं, सगळं विचारून झालं. भावाची मात्र घासाघीस नाही. तिच्या बुटांच्या शिवणीत पांढरं पीठ अडकलेलं दिसलं, तेव्हा आपल्याच अंगणातलं म्हणून हुर्मत ओशाळली.

घरातल्या रामरगाड्यात ही बाई एवढं काम कसलं पुरं करणार, असं तिला वाटलं तर? या धास्तीने हुर्मतने एकच धोशा लावला. आमची झेबो आहे ना. तिच्या हाताला चव आहे, ओपा. पहाटे मी उठायच्या आधी हिची कणीक तयार. आजारी आजीचं हिनेच केलं, कधी तोंड वाकडं केलं नाही. मोठ्या बहिणीच्या वयाच्या त्या बाईला ओपा ओपा म्हणत तिने लेकीची अशी काही तारीफ केली, की जन्मात केली नव्हती.

तेवढ्यात झेबो चहा घेऊन आली. पाहुण्याला द्यावा तसा पेला अर्धाच भरलेला, डोळे खाली, आणि डोक्याला कोरा करकरीत रेशमी रुमाल.

‘तंदुरापाशी बरा मिळाला गं नवा रुमाल,’ हुर्मत करवादली.

‘राहू द्या हो,’ सालोमत म्हणाली. ‘शोभतोय तिला.’

आणि तिने ऑर्डर दिली. रविवारी सकाळी न्यायला येते, म्हणाली.

शनिवारभर मायलेकींनी दम घेतला नाही. झेबो तर ठसे मारता मारता गुणगुणत होती. रविवारी पातीर टेबलावर रचले तेव्हा ते इतके देखणे दिसत होते, की हुर्मतचा ऊर भरून आला. तुर्गुनसुद्धा दाढी करून, धुतलेला सदरा घालून अंगणात बसला होता. चला, इतक्या वर्षांनी का होईना, बायकोच्या धंद्याची किंमत कळली, असं तिला वाटलं.

सालोमत आली ती नवरा, दीर आणि नणंदेला घेऊन. एवढे पातीर उचलायला माणसं हवीतच. तिने सगळ्यांत वरचा पातीर हातात घेतला.

‘चारचौघांत चिवट निघाला तर माझी फजिती व्हायची,’ ती म्हणाली. ‘धरा बघू ती बाजू.’

हुर्मतने एप्रनला हात पुसले आणि अभिमानाने दुसरी बाजू धरली. पातीर कडकन मोडला. खमंग वाफ वर आली. सगळ्यांनी ओंजळी वर केल्या, दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले. अन्नाचा मान राखणारी माणसं दिसतात, असं मनात म्हणत हुर्मतनेही मागितली. तुर्गुनने जरा जास्तच मोठ्याने ‘आमीन’ म्हटलं.

‘आता सांगा, ओपा,’ बाकीचे पातीर दस्तरखानात बांधायला घेत हुर्मत म्हणाली. ‘मुलीचं घर कुठल्या मोहल्ल्यात? कुठे पोचवायचे हे?’

सालोमतने बूट काढले, ऐसपैस मांडी घातली आणि झेबोच्या हातचा अर्धा पेला घेतला.

‘पोचलेत की, विहीणबाई,’ ती म्हणाली.