एका खोलीतले अकरा

पत्ता नाही म्हणून बेघरांना रेशनकार्ड तुम्हीच नाकारलंत, साहेब, आणि स्वतःचा पत्ता देणाऱ्या बाईलाच खोटारडी ठरवता?

बेघर निवाऱ्यात काम करणाऱ्या वत्सलाताईंनी पुलाखालच्या अकरा जणांच्या अर्जांवर आपल्या खोलीचा पत्ता घातला होता. आज तपासणीला रेशन कार्यालयातले साहेब येणार म्हणून अकराही जण आंघोळ करून तिथं दाटीवाटीनं बसले. त्यांच्यातला म्हातारा फुगेवाला भिंतीला पाठ टेकेना.

"टेका की, बाबा."

"नको ताई, डाग पडंल."

साहेबांनी दारातूनच डोकी मोजली. "हे सगळे इथंच झोपतात? खोटं निघालं तर नोकरी जाईल, बाई."

ताईंच्या अंगात खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"नाही झोपत." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "कुठे झोपतात ते तुम्हीच लिहा, साहेब. आणि तो पत्ता कार्डावर चालेल का, सांगा."