समोरच्या ब्लॉकला लाईट आली

लाईट गेली तेव्हा फळी अर्धीच कापून झाली होती. गोल करवतीचा आवाज खाली खाली येत थांबला, वरचा पंखाही थांबला, आणि सरोजिनी नगरमधल्या त्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात जूनची दुपार एकदम ऐकू यायला लागली.

"गई," दहा वर्षांची वीणा म्हणाली.

अहिल्याबाईंनी फळीवरचा हात काढला आणि चष्म्यावरचा भुसा पुसला. नातीसाठी पाट करायचा बेत होता. वीणाला पाट हा शब्द आज सकाळीच कळला होता. तोवर ती त्याला 'बिना पैरवाला स्टूल' म्हणत होती. घासकाम, खिळे आणि रंग तिचा, कापणं आजीचं, असं ठरलं होतं. हेमलतानं, म्हणजे वीणाच्या आईनं, तेवढ्याचीच परवानगी दिली होती. ऑफिसला निघताना ती दारात थांबून पुन्हा बजावून गेली होती की, मशीन चालू असताना वीणाचा हात लागता कामा नये. लागला तर हा कारखाना त्याच दिवशी बंद. वीणानं गळ्याला चिमटा घेऊन कबूल केलं होतं.

अहिल्याबाई पन्हं करायला आत गेल्या. जाताना त्यांनी एकही बटण बंद केलं नाही. त्या घरात लाईट गेल्यावर कोणीच करत नसे. पंखा फिरला की लाईट आली. नाहीतर कळायचं कसं?

दोन ग्लास भरून त्या परतल्या, तेव्हा समोरच्या ब्लॉकमधून पोरांचा गलका उठला, "आ गई, आ गई!" तिकडचे कूलर घरघरू लागले. वसाहतीत लाईट अशीच यायची. आधी समोर, मग मिनिटा-दोन मिनिटांत इकडे.

वीणा मशीनवर ओणवी झाली होती. अर्धी कापलेली फळी पात्यात अडकून बसली होती आणि ती ओढून मोकळी करायचं तिनं मनावर घेतलं होतं. मशीन बंदच तर होतं. तिच्या डाव्या हाताची बोटं पात्याच्या दातांपासून जेमतेम दोन बोटांवर होती, आणि मशीनचा खटका 'चालू'कडे.

अहिल्याबाईंनी हाक मारायचं टाळलं. तीस वर्षं त्यांनी शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं होतं. ओरडलं की मूल दचकतं, आणि दचकलेलं मूल हातातली वस्तू सोडत नाही, आणखी घट्ट धरतं.

"वीणा," त्या रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "हे ग्लास धर बघू. दोन्ही हातांनी हं, काठोकाठ भरलेत."

वीणानं फळी सोडली, फ्रॉकला हात पुसले, आली आणि जपून दोन्ही ग्लास घेतले. अहिल्याबाई तिच्या बाजूनं पुढे गेल्या आणि भिंतीतला प्लग त्यांनी उपटून काढला. त्या अजून वाकलेल्याच होत्या, तोवर डोक्यावर पंखा फिरायला लागला.

करवत गप्प होती.

वीणानं पन्ह्याचा घोट घेतला आणि मिठाशिवाय मजा नाही म्हणून सांगितलं. तिला काहीच कळलं नव्हतं. कळू दिलं नसतं तरी चाललं असतं. अहिल्याबाई क्षणभर स्टुलावर बसल्या. मग त्यांनी फळी पात्यातून सोडवून बाजूला ठेवली, वीणाला पार दारात उभं केलं, आणि खटक्याला हात न लावता प्लग पुन्हा खोचला.

पातं किंचाळत फिरायला लागलं.

वीणा पातं बघत राहिली. मग तिनं डाव्या हाताची मूठ मिटली आणि फ्रॉकच्या खिशात घातली. अहिल्याबाईंनी मशीन बंद केलं, प्लग काढला.

"बटण ऑन किसने छोडा था?" तिनं विचारलं.

"मी."

"तू?"

"मी. विसरले."

वीणानं विचार केला. मग ती आजीला समजावू लागली. मम्मीला सांगायचं नाही, बिल्कुल नाही. कोणालाच नाही. सांगितलं की पाट पण गेला आणि सुट्टी पण गेली.

साडेपाचला हेमलता आली. पर्स खांद्यावर असतानाच अहिल्याबाईंनी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, स्वतःची बाजू न सावरता. वीणा पडद्यामागे उभी होती. हेमलताचा चेहरा उतरत गेला.

"आई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली.

"आज लपवलं असतं, तर पुढच्या वेळीही कळलं नसतं."

हेमलता व्हरांड्यात गेली. करवतीपाशी, अर्ध्या फळीपाशी उभी राहिली. अहिल्याबाई मागे थांबल्या. आता कारखाना बंद, असंच त्यांना वाटलं.

"यापुढे मी घरी असतानाच," हेमलता म्हणाली. आवाज अजून कडकच होता. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला, बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. "आणि आधी मला शिकवा. आज लाईट गेल्यावर तुम्ही काय करायला हवं होतं?"

अहिल्याबाईंनी जमिनीवरचा प्लग उचलला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला.

"आधी हा असा आपल्या हातात घ्यायचा," त्या म्हणाल्या. "मगच लाकडाला हात."