हिरवी ओळ

पडद्यावरची शेवटची ओळही हिरवी झाली, तसे मुख्य कार्यालयातून आलेले साहेब खुर्चीत मागे रेलले.

"वा! एकही लाल नाही. हे नियम लिहिणाऱ्या बाई कोण?"

"ही आमची," शेजारचा चष्मेवाला सहकारी म्हणाला. ती उठून उभी राहिली, पण तिचे डोळे पडद्यावरच खिळले होते.

काम असं होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी रोज सकाळी आपली खुशाली फोनवरून संस्थेला लिहून कळवायची, आपापल्या शब्दांत. ते निरोप सर्च सर्व्हरवर, म्हणजे हवं ते शोधून देणाऱ्या संगणकावर, साठत. एरवी अशा सर्व्हरवर कागद आत पडून असतात आणि प्रश्न बाहेरून येतो. तिनं ते उलटं केलं. प्रश्न नियम करून आत बसवले आणि येणारा प्रत्येक निरोप त्यांच्यासमोरून जाऊ दिला. दारात बसलेल्या आत्याबाया आल्यागेल्याला नखशिखान्त न्याहाळतात ना, तसे हे नियम. निरोपात चक्कर, छातीतली कळ, पडणं, घसरणं दिसलं की ओळ लाल. घंटा वाजे, माणसं धावत. गुडघा, पोट, झोप दिसली की पिवळी. मग नर्सचा फोन. कुठल्याच नियमात न अडकणारा निरोप हिरवा. तो माणसानं वाचायची गरजच उरणार नव्हती. सगळं यश त्यातच होतं.

बोलायला सोपं. पण सरळ बोलतील तर ती माणसं कसली! एका आजोबांनी लिहिलं, 'रात्रभर एकच प्रश्न पडला,' आणि त्यांच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी. आजोबा म्हणाले, "प्रश्न एवढा मोठा नव्हता हो!" तेव्हापासून प्रश्न, स्वप्न आणि ऊन पडलं तर सोडून द्यायचं, असा नियमावर आणखी एक नियम बसला.

यातले निम्मे शब्द तिच्या आईचे. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटीच राहायची. संस्थेकडे आईचं नाव तिनंच नोंदवलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती आईपुढे बसून विचारी, "आई, चक्कर आली हे अजून कसं सांगशील?"

"गरगरलं म्हणेन, भोवंडलं म्हणेन, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणेन. आता दुखण्यानंही तुझ्या परीक्षेला बसायचं का गं, चिमे?"

पण आई सांगे. कुठल्या शब्दाला कुठला रंग लागतो तेही विचारून घेई. तिचा स्वतःचा निरोप म्हणजे रोजचं गाऱ्हाणं. गुडघा कुरकुरतोय, नळ गळतोय, वरची पोरं डोक्यावर नाचताहेत, आणि लेकीला आईशी धड बोलायला सवड नाही. आईची ओळ कधी हिरवी झालीच नव्हती. ऑफिसात सगळे तिला 'पिवळ्या मावशी' म्हणत.

आज पिवळ्या मावशींची ओळ हिरवी होती. 'सर्व उत्तम आहे. काळजी नसावी.'

आईनं जन्मात कशाला उत्तम म्हटलं नव्हतं.

"म्हणजे उद्यापासून हे वाचायला माणूस नको," साहेब पेन उघडत म्हणाले. "तुम्ही एवढं ठामपणे सांगा, की मी आत्ताच सगळ्या शाखांसाठी सही करतो."

चष्मेवाल्यानं तिला कोपरानं ढोसलं. "हो म्हण की बाई," तो पुटपुटला. त्यानंही तिच्याबरोबर कमी घाम गाळला नव्हता.

"साहेब, एक ओळ चुकली आहे."

"कुठली? सगळं तर हिरवं आहे."

"तेच चुकलंय," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

रिक्षातून तिनं आईला फोन लावला. तो वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा नुसताच वाजला. रिक्षावाल्याला घाई कर म्हणायचं तिला सुचलं नाही. ती मनातल्या मनात देवाला आळवत राहिली. जिना चढून तिनं आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं.

आई स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. एक पाय पुढे सरळ पसरलेला, घोटा टम्म सुजलेला. फोन मांडीवर. लेकीला बघताच ती ओशाळली.

"अगं, तू कशाला आलीस? झालं का तुझं? पास झालीस?"

तिनं आधी ॲम्ब्युलन्स बोलावली. मग खाली बसून आईचा पाय हळूच मांडीवर घेतला. आईनं ओठ आवळले.

"केव्हा झालं हे?"

"सकाळीच. पाणी सांडलं होतं, तिथंच पाय गेला."

"फोन का नाही उचललास?"

"आवाजावरून ओळखलं असतंस तू."

तिला रागावताही येईना. तिनं आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. "आई, 'पडले' एवढा एक शब्द लिहायचा. माणसं धावत आली असती. तुझ्याच शब्दांवर तर सगळं बांधलंय मी."

"लिहिला होता गं," आई म्हणाली. "पाठवायच्या आधी पुसला. काल रात्री तूच म्हणालीस ना, उद्या साहेबांपुढे एकही लाल यायला नको."