हरेश्वरचं परमिट

कुवेतला होड्या बांधायचं परमिट आलं, तेव्हा हरेश्वरला तापाने नेऊन महिना झाला होता. धाकटा सदाही होड्यांचाच सुतार, आणि पासपोर्टाच्या फोटोत दोघे भाऊ सारखेच दिसत. मग सदाच हरेश्वर होऊन मुरुडहून गेला.

वर्षश्राद्धाला हरेश्वरचं पान ठेवलं, पण कावळा शिवेना. भावकी विनवून थकली. शेवटी आई पुढे झाली.

"हरेश्वरा, औंदा परमिट वाढवू नको म्हणून सदाला कळवते. तुझं नाव तुला परत, बाबा!"

तिचं बोलणं संपायच्या आत कावळ्याने पानाला चोच लावली.



त्याच आठवड्यात कुवेतहून तार आली. पोस्टमनने ओट्यावर उभं राहून वाचून दाखवली.

"काल कामावर हरेश्वर वारला."